टॉवरला घाबरून पलंगाभोवती जाळी. आधी मोजमाप करा, मग खर्च

बेळगाव : समोरच्या इमारतीच्या गच्चीवर लोखंडी सांगाडा उभा राहतो. आठवडाभरात त्यावर पांढरे लांबट डबे चढतात आणि गल्लीत कुजबुज सुरू होते. कुणाचं डोकं दुखायला लागतं, कुणाला रात्री दोनला जाग येते ती पुन्हा झोप लागत नाही. मग मोबाइलवर एक व्हिडिओ फिरत फिरत येतो. पलंगाभोवती धातूची जाळी लावा, जाळीला अर्थिंग द्या, किरणं आत येणार नाहीत. लाकडी पट्ट्या, चिकनमेश, अॅल्युमिनियम फॉइल आणि वायर एवढं सामान आणलं की दोन रविवारांत 'किरणबंद' झोपण्याची जागा तयार, असं त्यात ठासून सांगितलेलं असतं.

देशात १ ऑक्टोबर २०२२ ला ५जी सेवा सुरू झाली. त्यानंतर शहरांत अँटेना वाढले आणि घरांच्या जवळ आले. बेळगाव, निपाणी, फोंडा, इंदूर, बडोदा कुठेही जा, प्रश्न तोच. टॉवर नको, पण नेटवर्क हवं. ही भीती हसण्यावारी नेण्यासारखी नाही, कारण ज्याची झोप उडते त्याचा त्रास खरा असतो. पण त्या भीतीपोटी घरात जो पिंजरा बांधला जातो, तो खरंच उपयोगी आहे का? त्याची गरज आहे का? आणि त्यातून नवीन संकट तर ओढवत नाही ना? हे तीन प्रश्न वेगवेगळे आहेत आणि त्यांची उत्तरंही वेगवेगळी आहेत.

जाळी अडवते, पण फट राहिली की संपलं

पहिल्या प्रश्नाचं उत्तर 'हो, काही प्रमाणात' असं आहे. मायकेल फॅरडे या शास्त्रज्ञानं १८३६ मध्येच दाखवून दिलं होतं की धातूच्या बंद पेटीत बाहेरचं विद्युत क्षेत्र शिरत नाही. इस्पितळातल्या एमआरआयच्या खोलीला याच तत्त्वावर तांब्याचं किंवा दुसऱ्या धातूचं अस्तर असतं. मात्र ते पेशंटला वाचवण्यासाठी नसतं. बाहेरच्या रेडिओ लहरींनी चित्र बिघडू नये म्हणून ते असतं.

जाळी किती अडवेल हे भोकाच्या मापावर ठरतं. मोबाइलच्या ९०० मेगाहर्ट्झ लहरीची लांबी सुमारे ३३ सेंटिमीटर असते, तर ५जीसाठी वापरल्या जाणाऱ्या ३.५ गिगाहर्ट्झ लहरीची साधारण साडेआठ सेंटिमीटर. लहर जितकी आखूड, तितकं भोक बारीक लागतं. गिलाव्यासाठी वापरतात ती अर्ध्या इंचाची चिकनमेश ९०० मेगाहर्ट्झची ताकद ढोबळमानानं शंभर-दोनशे पट कमी करू शकेल. पण तीच जाळी ३.५ गिगाहर्ट्झला जेमतेम दहा-बारा पट कमी करेल. डासांसाठीची धातूची बारीक जाळी यापेक्षा चांगली. नायलॉनची किंवा फायबरची जाळी मात्र डास सोडून काहीच अडवत नाही.

हा हिशेबही पेटी सहाही बाजूंनी बंद असेल तरच लागू. प्रत्यक्षात जाळीचे दोन तुकडे जोडताना मध्ये रंग राहतो, आत शिरायची बाजू नुसत्या पडद्यासारखी लोंबत असते आणि पलंगाखालची फरशी तर कुणाच्या लक्षातच येत नाही. खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्याचा वायफाय तिथून सरळ आत येतो. स्वयंपाकघरातलं फॉइलसुद्धा या लहरी अडवायला पुरेसं जाड असतं. अडचण जाडीची नसते, ती फटींची असते. एकाच भिंतीला पत्रा किंवा फॉइल लावलं तर आणखी गंमत होते. दुसऱ्या बाजूनं आलेल्या लहरी त्यावर आपटून खोलीतच परततात आणि काही जागी त्यांची ताकद वाढूही शकते.

जे अडवायला हवं वाटतं, ते अडतच नाही

अनेकांना टॉवरइतकीच घरावरून जाणाऱ्या विजेच्या तारांची आणि कोपऱ्यावरच्या ट्रान्सफॉर्मरची धास्ती असते. इथं घरगुती पिंजरा जवळजवळ निरुपयोगी ठरतो. आपली वीज ५० हर्ट्झची. तिचं चुंबकीय क्षेत्र फॉइल किंवा पातळ जाळीतून जणू काही मध्ये नाहीच असं आरपार जातं. तांब्यानं ते लक्षणीय कमी करायचं म्हटलं तरी जवळपास एक सेंटिमीटर जाडीचा पत्रा लागेल. किंवा मग खास मिश्रधातू, ज्याची किंमत सामान्य माणसाच्या आवाक्यात नाही.

यातली विसंगती लक्षात घेण्यासारखी आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं विजेच्या तारांच्या चुंबकीय क्षेत्राला २००२ मध्ये आणि मोबाइलच्या लहरींना २०११ मध्ये 'कदाचित कर्करोगकारक' म्हणजे '२ब' या गटात टाकलं. या गटाचा अर्थ पुरावा तोकडा आहे, पण शक्यता पूर्ण नाकारता येत नाही, एवढाच. कोरफडीच्या अख्ख्या पानाचा अर्कही याच गटात आहे. त्यातल्या त्यात विजेच्या क्षेत्राबाबत मुलांमधल्या रक्ताच्या कर्करोगाशी आकडेवारीतून एक क्षीण संबंध दिसला, तोही सरासरी ०.३ ते ०.४ मायक्रोटेस्लाच्या वर असलेल्या मोजक्या घरांत. आणि कारण सिद्ध झालेलं नाही. म्हणजे जाळी लावणारा माणूस ज्या क्षेत्राबद्दल थोडाफार संशय आहे ते सोडून देतो आणि दुसऱ्याच्या मागे पैसे घालवतो.

तारांचा खरा धोका वेगळाच आहे. केंद्रीय नियमांनुसार ११ हजार व्होल्टपर्यंतच्या उघड्या तारेचं घरापासून आडवं अंतर किमान १.२ मीटर हवं. वाढीव बाल्कनी काढताना, वरचा मजला चढवताना हे अंतर संपतं आणि कपडे वाळत घालताना माणूस जातो. त्यासाठी तक्रार करायची ती वीज कंपनीकडे. बेळगावात हेस्कॉम, पलीकडे महावितरण.

टॉवर मोठा दिसतो, फोन जवळ असतो

आता गरजेचा प्रश्न. इथं थोडा हिशेब मांडला तर चित्र स्पष्ट होतं. समजा, टॉवरवरचा एक अँटेना २० वॅटचा आहे आणि एका दिशेला झोत टाकल्यामुळे त्या दिशेत त्याचा परिणाम १००० वॅटच्या दिव्याइतका होतो. मुख्य झोतात ५० मीटरवर दर चौरस मीटरला सुमारे ०.०३ वॅट पोचतात, १०० मीटरवर ०.००८. अंतर दुप्पट झालं की ताकद पाव होते. एका टॉवरवर अनेक कंपन्यांचे अँटेना असतात, त्यामुळे बेरीज वाढते, हेही खरं. पण झोत आडवा, क्षितिजाच्या दिशेनं जातो. त्यामुळे टॉवरच्या अगदी खाली असलेल्या घरापेक्षा समोरच्या तेवढ्याच उंचीच्या घरात तो जास्त असू शकतो.

दुसरीकडे हातातला फोन. नेटवर्क कमजोर असलं की तो पूर्ण ताकद लावतो, म्हणजे साधारण ०.२ वॅट. आकडा छोटा, पण ३० सेंटिमीटर अंतरावर तो दर चौरस मीटरला जवळपास ०.१८ वॅट देतो. शंभर मीटरवरच्या त्या अँटेनाच्या वीसपट. आणि कानाला लावल्यावर अंतर ३० सेंटिमीटर राहतच नाही.

भारतानं १ सप्टेंबर २०१२ पासून टॉवरच्या उत्सर्जनाची मर्यादा आंतरराष्ट्रीय आयोगाच्या मर्यादेच्या एक-दशांश केली. ९०० मेगाहर्ट्झला ०.४५ वॅट प्रति चौरस मीटर, १८०० ला ०.९. वरच्या उदाहरणातला ५० मीटरवरचा आकडा या खालच्या मर्यादेच्याही चौदा-पंधरापट कमी भरतो. फोनसाठी वेगळी मर्यादा आहे, शरीरात शोषली जाणारी ऊर्जा किलोला १.६ वॅट.

म्हणूनच उशाखाली फोन ठेवून जाळीत झोपणं हा सगळ्यात उलटा प्रकार. फोन जाळीत अडकला की तो टॉवर शोधण्यासाठी जास्त ताकद लावतो. त्याऐवजी फोन उशापासून, म्हणजे १० सेंटिमीटरवरून, एक मीटरवर ठेवला तर त्याचा मारा शंभर पटीनं कमी होतो. हे फुकट आहे.

त्रास खरा, कारण कोणतं?

मग डोकेदुखी, झोप न लागणं, कानात गुणगुण, थकवा याचं काय? 'मला लहरींचा त्रास होतो' असं सांगणाऱ्या लोकांवर जगात बरेच प्रयोग झालेत. लहर चालू आहे की बंद हे ना त्या व्यक्तीला माहीत, ना प्रयोग घेणाऱ्याला. अशा ४६ प्रयोगांचा, ११७५ लोकांचा आढावा २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. लोकांना लहर ओळखता येते किंवा खऱ्या लहरीनंच त्रास होतो, असा भक्कम पुरावा त्यात मिळाला नाही. लहर बंद असतानाही 'चालू आहे' असं वाटलं की अनेकांना त्रास झाला. जागतिक आरोग्य संघटनेची भूमिकाही हीच आहे. लक्षणं खरी असतात, काहींना ती लुळंपांगळं करून टाकतात, पण त्यांचा लहरींशी संबंध दाखवणारा शास्त्रीय आधार नाही. याच संघटनेसाठी केलेल्या आणि २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आढाव्यात ६३ अभ्यास तपासले गेले. मोबाइल वापर आणि मेंदूचा कर्करोग यांत संबंध आढळला नाही.

याचा अर्थ 'तुमच्या मनाचे खेळ' म्हणून माणसाला परत पाठवायचं, असा नव्हे. धोका इथंच आहे. थायरॉइड, रक्तदाब, साखर, रक्ताची कमतरता, झोपेत श्वास अडकणं, पाळी जाण्याचा काळ, नैराश्य या सगळ्यांत झोप उडते आणि डोकं दुखतं. टॉवरवर खापर फोडलं की या तपासण्या राहून जातात. जाळीत झोपून आठ-पंधरा दिवस बरं वाटतं, कारण मनाला धीर आलेला असतो. आजार मात्र आत वाढत राहतो.

घरगुती पिंजऱ्यातले खरे धोके

सगळ्यात मोठा धोका अर्थिंगचा. मोबाइलच्या लहरी अडवायला जाळीला अर्थिंग लागतच नाही, तरी व्हिडिओत ते हमखास सांगितलेलं असतं. आपल्याकडच्या जुन्या घरांत अर्थिंगचा खड्डा वर्षानुवर्षं कोरडा पडलेला असतो. कुठे न्यूट्रल आणि अर्थ एकत्र जोडलेले असतात, कुठे तीन पिनचं सॉकेट असून तिसऱ्या पिनला वायरच नसते. अशा ठिकाणी गिझर किंवा पंपात बिघाड झाला की अर्थच्या वायरीत वीज उतरते, आणि त्याच वायरीला जोडलेली जाळी पलंगाभोवती असते. म्हणजे झोपलेला माणूस वीज उतरलेल्या धातूच्या पिंजऱ्यात. अर्थिंग चांगलं असलं तरी आत टेबल लॅम्प किंवा चार्जर नेला आणि त्याची वायर सोललेली निघाली, तर अंगातून जाणारा करंट वाढतो. ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी नसलेल्या घरात हा खेळ करूच नये.

दुसरा धोका हवेचा. जाळीऐवजी फॉइल किंवा धातूचा मुलामा दिलेलं प्लास्टिक चारही बाजूंनी लावलं की हवा खेळत नाही. बेळगावच्या पावसाळ्यात आत दमट होऊन गाद्यांना बुरशी लागते. दम्याच्या पेशंटला ती टॉवरपेक्षा नक्की जास्त बाधते. आत मच्छर अगरबत्ती लावणं तर आगीला आणि गुदमरण्याला आमंत्रण.

तिसरा धोका कुणी मोजत नाही. पिंजरा खरोखर चांगला झाला तर आत फोन वाजणार नाही. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला रात्री छातीत दुखलं, बाहेरगावच्या मुलाचा फोन आला, ११२ ला फोन लावायचा झाला, तर?

आणि बाजारातली 'रक्षणाची' उत्पादनं. नेदरलँड्सच्या अणुसुरक्षा प्राधिकरणानं डिसेंबर २०२१ मध्ये अशा दहा वस्तूंबद्दल इशारा दिला. ५जीपासून वाचवण्याच्या नावाखाली विकलेलं लॉकेट, कडं, झोपताना डोळ्यांवर लावायची पट्टी यांतून खरीखुरी किरणोत्सारी किरणं निघत होती. आपल्याकडे २०२० मध्ये राष्ट्रीय कामधेनू आयोगाच्या अध्यक्षांनी मोबाइलचं रेडिएशन कमी करणारी शेणाची चिप जाहीर केली, तेव्हा शास्त्रज्ञांनी पुरावा मागितला होता. फोनवर चिकटवायच्या स्टिकरांचीही हीच गत. स्टिकरनं खरंच लहर अडली तर फोन जास्त ताकद लावणार.

कोर्टांनी काय म्हटलं

भीतीला कोर्टाच्या आदेशांनीही दोन्ही बाजूंनी बळ दिलंय. राजस्थान उच्च न्यायालयानं नोव्हेंबर २०१२ मध्ये शाळा, इस्पितळं यांच्यावरचे टॉवर हटवायला सांगितलं. २०१७ मध्ये ग्वाल्हेरच्या एका कर्करोगग्रस्त रहिवाशाच्या अर्जावर सर्वोच्च न्यायालयानं शेजारच्या गच्चीवरचा बीएसएनएलचा टॉवर सात दिवसांत बंद करायचा आदेश दिला. तो टॉवर बेकायदा असल्याची तक्रार होती. एक टॉवर बंद करण्याचा आदेश आणि रोगाचं कारण वैद्यकीयदृष्ट्या सिद्ध होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सोशल मीडियावर मात्र त्या एकच होऊन फिरल्या. उलट २०२१ मध्ये अभिनेत्री जुही चावला यांचा ५जीविरोधी दावा दिल्ली उच्च न्यायालयानं फेटाळला आणि २० लाखांचा दंड ठोठावला. पुढे २०२२ मध्ये तो २ लाखांवर आला.

सीमाभागाची गोची

दूरसंचार खात्याच्या 'तरंग संचार' या संकेतस्थळावर २०१७ पासून आपल्या भागातल्या टॉवरची माहिती पाहता येते आणि ४००० रुपये शुल्क भरून मोजमापाची मागणी करता येते. मर्यादा ओलांडणाऱ्या कंपनीला दंडाची तरतूद आहे. जाळी, लाकूड आणि सुताराची मजुरी यांवर खर्च करण्याआधी हे चार हजार जास्त कामाचे. परदेशी चांदीच्या धाग्याच्या मच्छरदाण्यांच्या किमतीपुढे तर ते काहीच नाहीत. गल्लीतल्या दहा घरांनी मिळून भरले तर घरटी ४०० रुपये पडतात.

पण तक्रार कुणाकडे, याची माहिती मराठीत नीट सांगणारं फारसं कुणी नाही. दूरसंचार खात्याचे विभाग राज्यांच्या हद्दीनं चालतात. बेळगाव, खानापूर, निपाणी कर्नाटक क्षेत्रात, गोवा महाराष्ट्राच्या क्षेत्रात, इंदूर-ग्वाल्हेर मध्य प्रदेश क्षेत्रात, बडोदा गुजरातमध्ये आणि हैदराबाद आंध्र प्रदेश क्षेत्रात. शिनोळीचा टॉवर एका क्षेत्रात आणि शेजारच्या बाचीचा दुसऱ्या. नोटीस कन्नडमध्ये, संकेतस्थळ इंग्रजीत आणि समजावणारा व्हिडिओ मात्र मराठीत. मग लोक व्हिडिओवर विश्वास ठेवतात यात नवल काय? स्थानिक नगरसेवक, ग्रामपंचायत सदस्य आणि मराठी संघटनांनी हे काम हातात घ्यायला हवं. एकीकडे खानापूरच्या जंगलपट्ट्यात नेटवर्क मिळत नाही म्हणून लोक ओरडतात. २०२० मध्ये गोव्यातली मुलं ऑनलाइन वर्गासाठी डोंगर चढत होती. तिथं टॉवर हवा आणि इथं नको, हा तंटा माहितीशिवाय सुटणार नाही.

लोकांच्या काही तक्रारी मात्र शंभर टक्के रास्त आहेत आणि त्या सिद्धही करता येतात. टॉवरच्या जनरेटरचा आवाज ही त्यातली पहिली. निवासी भागात रात्री दहा ते सकाळी सहा आवाजाची मर्यादा ४५ डेसिबल आहे. रात्री दोनला जाग येत असेल तर कान देऊन ऐकावं, जनरेटर किंवा कूलिंगचा घुमा चालू असतो का. तक्रार राज्याच्या प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे. जुन्या इमारतीची गच्ची हे वजन पेलते का, स्थानिक संस्थेची परवानगी आहे का, हेही विचारण्याचा हक्क आहे.

मग करायचं काय?

झोपताना फोन फ्लाइट मोडवर किंवा पलंगापासून लांब ठेवावा, वायफायचा राउटर बंद करावा. शंका कायम असेल तर घरातच साधी चाचणी घेता येते. वीस रात्री घरातल्या दुसऱ्या कुणी चिठ्ठी काढून राउटर चालू की बंद ते ठरवावं, राउटरचे दिवे झाकावेत, झोपणाऱ्यानं घरातलं वायफाय न वापरता सकाळी 'चालू होता' की 'बंद होता' ते लिहावं. शेवटी चिठ्ठ्या ताडून पाहाव्यात. नुसत्या अंदाजानं दहाच्या आसपास उत्तरं बरोबर येतात. तेवढीच आली, तर झोप उडवणारं कारण दुसरीकडे शोधायला हवं.

त्यासाठी आधी डॉक्टर. थायरॉइड, साखर, रक्तदाब, हिमोग्लोबिन या तपासण्यांचा खर्च जाळीपेक्षा कमी आहे. मन बेचैन असेल तर केंद्र सरकारची टेलिमानस सेवा १४४१६ या क्रमांकावर मोफत मिळते, मराठीतूनही. टॉवरचं मोजमाप मागवायचं तर गल्लीनं मिळून मागवावं आणि अहवालाची प्रत सगळ्यांना द्यावी. एवढं करूनही कुणाला जाळी लावायचीच असेल, तर ती धातूची पण हवा खेळती ठेवणारी असावी, तिला अर्थिंग जोडू नये, आत विजेचं कुठलंही उपकरण नेऊ नये आणि आधी घराच्या वायरिंगची जाणकार वायरमनकडून तपासणी करून आरसीसीबी बसवून घ्यावा. घरातल्या बाकीच्यांपैकी एकाचा तरी फोन रात्री जाळीबाहेर चालू राहील, एवढी काळजी घ्यावी.